कोंबडीऐवजी कांदा

ताराचंदचा बैल शनिवारी सकाळी मेला आणि शनिवारी दुपारी ताराचंदने रत्नाबाईचं दार कुऱ्हाडीने फोडलं. मधल्या वेळात तो पोटभर जेवला, असं त्याचे विरोधक सांगतात. हे साफ खोटं आहे. त्याने फक्त चहा घेतला होता, तोही बिनसाखरेचा.

दार सागाचं होतं, म्हणून सहा घाव लागले. सातव्या घावात घागर गेली, आठव्यात चुलीचा एक कोपरा आणि नवव्यात अंगणातल्या दोन निळ्या ड्रमांपैकी एक. ड्रममधलं हिरवट-काळं, उग्र वासाचं पाणी वाहत गल्लीत आलं, तशी तमाशा पाहायला जमलेली माणसं दोन पावलं मागे सरली. दहावा घाव रत्नाबाईच्या डोक्यावर वीतभर अंतराने खांबात बसला आणि कुऱ्हाड तिथेच अडकली. ताराचंद ती उपटत असताना रत्नाबाईने त्याच्या गुडघ्यावर मुसळ हाणलं.

"दार वाजवता येत नाही काय रे, मुडद्या?" तिने विचारलं.

रत्नाबाई पंचावन्न वर्षांची, विधवा, आणि मुसळ चालवण्यात आमच्या अख्ख्या मोहटोला गावात तिच्या उजव्या हाताला जोड नव्हती. ही गोष्ट त्या उजव्या हाताचीच आहे. कारण त्या सकाळी मेलेल्या बैलाच्या शिंगावर हात ठेवून ताराचंदने गावासमोर शपथ घेतली होती, "ज्या हातानं माह्या हवालदाराले जहर पाजलं, तो हात मी तोडीन. नाही तोडला तं बापाचं नाव लावणार नाही!"

जित्या बैलाच्या शिंगावरची शपथ आमच्याकडे मोडता येते. बैल विकला की शपथही त्याच्याबरोबर जाते. मेलेल्या बैलाच्या शिंगावरची मात्र मोडत नाही. तशी सोयच नाही.

हवालदार हे बैलाचं नाव. त्याच्या जोडीदाराचं नाव जमादार. अड्याळच्या आसपासच्या एकाही शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, ही जोडी तिसऱ्या नंबराच्या खाली आली नव्हती. ताराचंद हवालदाराला बदाम चारायचा, अंडी पाजायचा आणि थंडीत स्वतःचं ब्लँकेट त्याच्या अंगावर घालायचा. जमादाराला कडबा मिळायचा. गुरुवारी संध्याकाळी जोडी पटावरून परतली तेव्हा रत्नाबाईच्या अंगणाशी हवालदार एकदम थांबला, ओढत गेला आणि त्याने तिच्या ड्रममध्ये नाकापर्यंत तोंड खुपसलं. तिच्या दोन्ही ड्रमांत दहा तऱ्हेचा पाला, लसूण आणि गोमूत्र महिनाभर कुजवून केलेला अर्क होता. धानावरच्या किडीसाठी रत्नाबाई तो बनवायची आणि आजूबाजूच्या पाच गावांतल्या बायका घेऊन जायच्या. बैलाने त्यातला घोट घेतला हे निदान वीस जणांनी पाहिलं. रात्रीपर्यंत त्याच्या तोंडातून फेस यायला लागला. शुक्रवारी जिभेची साल निघाली. मग श्वास असा चढला की गोठ्याबाहेरून भाता चालल्यासारखा ऐकू यायचा. अड्याळहून जनावरांचा डॉक्टर आला, दोन सुया टोचून म्हणाला, "पोटात काही तरी विषारी गेलं." हे निदान करून तो गेला. शनिवारी सकाळी हवालदाराने पाय झाडून गव्हाणीची फळी मोडली आणि मान टाकली. बैल चिरून पाहायला ताराचंदने कोणाला हात लावू दिला नाही. रडत रडत त्याने त्याला स्वतः पुरलं आणि मग कुऱ्हाडीला धार लावली.

कोणीतरी अड्याळच्या ठाण्यात फोन करून "हवालदार मेला" एवढंच कळवलं, त्यामुळे एरवी कधी न येणारी पोलिसांची जीप वीस मिनिटांत आली. मेलेला बैल आहे हे कळल्यावर ती तितक्याच तातडीने परत गेली.

दोघांना सोडवून लोकांनी निंबाखालच्या पारावर नेलं. तिथे दादाजी बसले होते. दादाजी म्हणजे आमच्या पंचांचे प्रमुख, वय अठ्ठ्याहत्तर, दात चार, पण चारही कामाचे.

विषाचा आरोप आला की मोहटोल्यात कोंबडीला विचारायची पद्धत आहे. ज्या वस्तूवर संशय असेल ती पंचांनी कोंबडीला पाजायची. कोंबडी दिवस बुडायच्या आत मेली तर आरोपी दोषी. जगली तर निर्दोष, आणि कोंबडी पंचांच्या हंडीत. विष खाऊन मेलेली कोंबडी खाता येत नाही हे पंचांना ठाऊक असल्यामुळे ते एकच थेंब पाजतात. गेल्या चाळीस वर्षांत आमच्या गावात एकही माणूस दोषी निघाला नाही. न्यायदानाचा असा इतिहास फार थोड्या गावांना असेल.

ताराचंदही हे जाणून होता. तांबड्या ठिपक्यांची एक लठ्ठ कोंबडी आणि पितळेचा मोठा गिलास घेऊनच तो पारावर आला.

"थेंब-बिंब चालणार नाही, दादाजी. हा गिलास भरून पाजीन, अन् माह्या हातानं पाजीन."

"गिलासभर?" दादाजींचा आवाज कातर झाला. ते कोंबडीकडे पाहत होते. "अरे, पद्धत थेंबाची हाय न बापा!"

"तुमची पद्धत तुमच्या पोटाची हाय!"

"माह्या पोटावर जातं काय बे?"

"काकाजी, गिलासभर दूध पाजलं तरी ते मरन."

हे शेवटचं वाक्य दामिनी बोलली. दामिनी रत्नाबाईची मुलगी. नागपूरला एका कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. सकाळी फोन गेल्यावर ती भंडाऱ्यापर्यंत एसटीने आणि पुढे मिळेल त्या ऑटोने आली होती. तिने पाठीवरची पिशवी पारावर ठेवली, झटापटीत आईच्या कपाळाला पडलेली खोक पाहिली, ताराचंदच्या सुजलेल्या गुडघ्याकडे पाहिलं आणि दोन्ही कामं बरी झाली आहेत अशी मान हलवली.

"थेंब पाजला तं जगन, गिलास पाजला तं मरन," ती म्हणाली. "दोन्ही खेपेस दवाईचा काही पत्ता लागत नाही. अन् कोंबडी म्हणजे काही बैल नाही."

"मंग बैल आणू काय दुसरा?" ताराचंद ओरडला. "जमादारले पाजू?"

"कोणाले पाजाचंच नाही. आमच्या इकडं पयले सशाच्या डोळ्यात दवा टाकत होते. डोळा फुटला तं दवा खराब. आता ते बंद केलं. आता माणसाच्या कातडीचे बारके तुकडे काचेच्या वाटीत वाढवतात, अन् त्याच्यावर दवा लावून पाहतात."

पारावरच्या चार जणांनी आपापल्या बाह्या खाली ओढल्या.

"कोणाची कातडी?" दादाजींनी सावधपणे विचारलं.

"ऑपरेशनमंधी उरते न, ते लोक देतात. त्याच्यातून वाढवतात."

"मंग दूर कायले जाता!" ताराचंदने रत्नाबाईचा दंड धरला. "ही हाय न! कुऱ्हाड हाय, वाटी आणा कोणी!"

रत्नाबाईने त्याच्या मनगटाला चावा घेतला. ताराचंदने तिला ढकललं. दामिनीने पिशवी फिरवून त्याच्या कानशिलात मारली. पिशवीत डबा होता. पाच मिनिटांनी सगळे शांत झाले तेव्हा दादाजींच्या धोतराचा एक सोगा आणि एक दात जागेवर नव्हता. आता तीन उरले.

"कांदा आणा," दामिनी केस बांधत म्हणाली.

तिचं म्हणणं साधं होतं. कांद्याचं बूड पाण्याला टेकवून ठेवलं की तीन दिवसांत पांढऱ्या मुळ्या फुटतात. पाण्यात विष असलं तर मुळ्या खुंटतात, नाहीतर फुटतच नाहीत. तिच्या कॉलेजात हाच प्रयोग करत. कोणाचा जीव जात नाही आणि मुळ्या पट्टीने मोजता येतात.

"कांदा तरी बैल हाय काय?" ताराचंद म्हणाला.

"नाही. कांदा सगळं सांगन असंही नाही. पण कोणतं पाणी जाळते अन् कोणतं नाही, येवढं सांगन. अन् काकाजी, निकाल लागल्यावर कांदा खाले मिळावा म्हणून कोणी निकाल फिरवत नाही."

हे दादाजींना लागलं. दादाजींना लागलं हे पाहून ताराचंदला ते पटलं. आमच्या गावात बऱ्याच सुधारणा अशाच वाटेने आल्या आहेत.

"हाव, ठेवा कांदा!" तो म्हणाला. "पण तीनच दिवस. मुळ्या नाही फुटल्या तं हिचा हात याच पारावर ठेवाचा, अन् मंग कोणी मंधी याचं नाही. कबूल?"

सगळे रत्नाबाईकडे पाहू लागले. तिने आपला उजवा हात उलटापालटा करून पाहिला.

"कबूल," ती म्हणाली. "अन् फुटल्या तं?"

"तं ज्यानं पाजलं त्याचा हात. शपथ शपथ हाय."

नऊ ग्लास चहाच्या टपरीवरून आणले. दामिनीला प्रत्येक पाण्याचे तीन-तीन कांदे हवे होते. एकट्या कांद्यावर भरवसा ठेवायचा नाही, असं तिचं मत होतं, आणि पंचांच्या बाबतीतही तिचं तेच मत असावं. तीन ग्लासांत विहिरीचं पाणी. तीन ग्लासांत पाणी आणि दुसऱ्या, न फुटलेल्या ड्रममधल्या अर्काचा एक-एक चमचा.

"बैलानं त्या दिवशी अजून काय पेलं?" तिने विचारलं.

"माह्या घरचं पाणी," ताराचंद छाती काढून म्हणाला. "पटाच्या टाक्यातलं पाणी मी हवालदाराले कधीच पाजत नाही. दुश्मन लोक काय टाकतीन त्याचा नेम नाही. जमादार पेते तिथलं, हवालदार नाही. त्याच्यासाठी मी घरून कॅन भरून नेतो. तेही ठेव तीन ग्लासात. शुद्ध पाणी कसं असते ते कळू दे गावाले."

कॅनबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. धुऱ्यावरचं, म्हणजे शेताच्या बांधावरचं, गवत जाळायची दवा पाच लिटरच्या पांढऱ्या कॅनमध्ये येते. दवा संपते, कॅन उरते. तिचं झाकण इतकं पक्कं बसतं की बैलगाडी उलटली तरी थेंब सांडत नाही. त्यामुळे मोहटोल्यात प्रत्येक घरी अशा दोन-चार कॅनी आहेत. धुवायच्या आणि पाण्याला वापरायच्या. शेतात त्याच, लग्नात त्याच, पटातही त्याच. कॅनच्या तळाशी अजून दोन-अडीच पेले पाणी उरलं होतं. ताराचंदने ते आणलं. दामिनीने बाकीच्यांसारखंच मोजून एक-एक चमचा तीन ग्लासांत टाकला आणि वर विहिरीचं पाणी ओतलं. विहीर, अर्क, कॅन अशा चिठ्ठ्या चिकटल्या. शनिवारी दिवस बुडायच्या आत नऊ ग्लास समाजमंदिराच्या खिडकीत लागले आणि दाराला दोन कुलुपं लागली, एक एका बाजूचं, एक दुसऱ्या बाजूचं. उरलेल्या पाण्यासकट कॅन ताराचंदने निंबाला टांगली, गावाने पाहावी म्हणून. कोंबडी त्याच निंबाला दोरीने बांधून ठेवली. कांदा नापास झालाच तर हाताशी असावी, असं दादाजी म्हणाले आणि स्वतःच्या हाताने तिला तांदूळ टाकू लागले.

तीन दिवस कोणाचा जीव जाऊ नये म्हणून हा प्रयोग होता. त्या तीन दिवसांचा वृत्तांत असा.

रविवारी दुपारी प्रफुल्ल खिडकीशी गेला. प्रफुल्ल हा ताराचंदचा साळा. पटात जोडी तोच हाकायचा. बैल गेल्याचं दुःख त्याने मोहाच्या दारूत बुडवलं होतं, पण ते तरंगत होतं. गजांतून काठी घालून तो अर्काचे ग्लास पाडत असताना मागून रत्नाबाई आली. तिच्या हातात भाताच्या पेजेचं भगोनं होतं, चुलीवरून नुकतंच उतरवलेलं. तिने ते प्रफुल्लच्या हातावर रिकामं केलं. त्याची किंकाळी तलावाच्या पल्याड ऐकू गेली. कोपरापासून मनगटापर्यंतची कातडी भिजलेल्या कागदासारखी सुटली. दामिनीने हात अर्धा तास थंड पाण्यात धरला आणि स्वच्छ फडकं गुंडाळलं.

"भावजी, ही कातडी चालन काय हिच्या वाटीत?" प्रफुल्लने ओठ चावत विचारलं.

"दारू लय हाय तिच्यात," ताराचंद म्हणाला.

अर्काचा एक ग्लास गेला. दोन उरले.

सोमवारी तलावाच्या पाळीवर दोन पक्ष समोरासमोर आले. एका बाजूला रत्नाबाईच्या बचत गटाच्या बायका, दुसऱ्या बाजूला पटाचे शौकीन. सुरुवात कोणी केली यावर एकमत नाही. शेवट कोणालाच नीट दिसला नाही. शकुनबाईने बाबुलालच्या पाठीत विळ्याची मूठ घातली. बाबुलालने उलट फिरवलेल्या बांबूने बाबुलालच्याच चुलत्याचं डोकं फुटलं. कोणाचा तरी दगड पाळीवरून उडत समाजमंदिराच्या खिडकीत गेला आणि विहिरीचा एक ग्लास आणि अर्काचा एक ग्लास फोडून आत पडला. त्या दिवशी अड्याळच्या दवाखान्यात मोहटोल्याला एकूण एकतीस टाके पडले. तिथल्या नर्सने विचारलं, "तुमच्या गावात झालं काय?" बाबुलालने फुटक्या ओठातून सांगितलं, "काही नाही. कांदे ठेवले हाये."

मंगळवारी शांतता होती, कारण दोन्ही बाजूंना हात वर करता येत नव्हता. ताराचंद समाजमंदिराच्या पायरीवर दगड घेऊन बसला आणि कुऱ्हाड घासू लागला. खर्र, खर्र. सगळा दिवस. समोरच्या पारावर रत्नाबाई लसूण सोलत बसली. तिलाही घरात करमत नव्हतं, आणि घराला दारही नव्हतं.

"कोणता हात तोडशीन?" तिने मध्येच विचारलं.

"उजवा."

"उजव्यानं मी जेवतो."

"माहा बैल आता कशानं जेवते?"

खर्र, खर्र.

"मनगटापासून, का कोपरापासून?"

"मनगटापासून. मी काही राक्षस नाही."

रत्नाबाईने एक पाकळी सोलली. मग तीच सोललेली पाकळी पुन्हा सोलली.

"त्याच्या जिभेची साल माह्या हातात आली, रत्नाबाई," ताराचंद कुऱ्हाडीकडे पाहत म्हणाला. "पूर्ण. मोज्यासारखी. अन् तो माह्याकडं पाहत होता. मी पाणी दाखवलं तं तोंड फिरवलं त्यानं. माह्या हातचं पाणी त्यानं कधीच नाकारलं नव्हतं."

रत्नाबाईचं लसूण सोलणं थांबलं.

बुधवारी सकाळी अख्खं गाव निंबाखाली होतं. ज्यांना चालता येत नव्हतं त्यांना खाटेवर आणलं होतं. पारावर लाकडाचा ओंडका ठेवला होता, मटणवाल्याकडून मागून आणलेला. त्यावर कुऱ्हाड. दोन्ही कुलुपं उघडली आणि दामिनीने उरलेले सहा ग्लास एकेक करून पारावर मांडले.

आधी विहिरीचे दोन. कांदे उचलले तसे खाली पांढऱ्याशुभ्र मुळ्या लोंबल्या. दामिनीने पट्टी लावली. बोटाच्या दोन पेरांएवढ्या.

मग अर्काचा एकुलता एक. खाटेवरचेही उठून बसले. मुळ्या होत्या. विहिरीच्या मुळ्यांपेक्षा निम्म्या, थोड्या पिवळसर, टोकाशी वाकड्या. पण होत्या.

"साफ निर्दोष नाही," दामिनीने आईकडे न पाहता सांगितलं. "कांद्याले त्रास झाला. जास्त टाकली तं जाळन ही दवा. पण येवढ्यानं मेला नाही."

"तू माह्या बाजूनं हाय का त्याच्या?" रत्नाबाई म्हणाली.

"मी पट्टीच्या बाजूनं हावो, माय."

मग ताराचंद पुढे आला आणि कॅनचा ग्लास त्याने स्वतः उचलला. शुद्ध पाणी कसं असतं हे त्याला गावाला दाखवायचं होतं. कांदा वर आला. खाली काही नव्हतं. एक मूळ नाही, कोंभ नाही. बूड तपकिरी पडून गळत होतं. त्याने दुसरा उचलला. तसाच. तिसऱ्याचं बूड त्याच्या बोटांतच सुटलं.

"बदलले!" तो ओरडला. "हिनं रात्री ग्लास बदलले!"

"कुलूप तुमचंही होतं, काकाजी."

त्याने दामिनीची वेणी धरून तिला पारावरून खाली ओढलं. तिचं डोकं पायरीच्या कडेला आपटलं आणि भुवईवरून रक्ताची धार लागली. रत्नाबाईने त्याच्या पाठीत मुसळ घातलं, एकदा, दोनदा. तिसऱ्या घावाला त्याने वेणी सोडली, पण तो थांबला नाही. त्याने निंबावरची कॅन हिसकून काढली, झाकण दाताने उपटलं.

"जहर हाय न याच्यात? हाय न? पाहा मंग! माणसावर पाहा! कांदा कायले पायजे, कोंबडी कायले पायजे, मी हावो न!"

आणि कॅन तोंडाला लावली.

दामिनी जमिनीवरूनच झेपावली. तिने त्याच्या पोटात डोकं घातलं. कॅन उडाली, पाणी तिघांच्या पायांवर सांडलं, आणि ताराचंद ओंडक्याशेजारी पाठीवर पडला. त्याच्या हनुवटीवर दोन थेंब होते. दामिनीने ते आपल्या ओढणीने इतक्या जोरात पुसले की साल निघाली. मग त्याचे दोन्ही गाल दाबून तोंड उघडलं आणि आत पाहिलं.

"गिळलं काय? सांगा! गिळलं?"

"नाही," तो दबल्या आवाजात म्हणाला. दोन्ही गाल अजून तिच्या मुठीत होते.

तिने त्याला सोडलं, पाराशेजारच्या नळाच्या धारेखाली त्याचं तोंड धरलं, तिघांचेही पाय धुतले आणि मग रिकामी कॅन काठीने उचलून उन्हात धरली. एका बाजूला अर्धवट खरवडलेला कागद होता. कागदावरच्या कवटीचा एक डोळा शाबूत होता. तळाशी निळसर थर दिसत होता.

"ही कॅन कोणी धुतली होती?"

ताराचंद कवटीच्या त्या एका डोळ्याकडे पाहू लागला.

"किती खेपा धुतली, काकाजी?"

"एक खेप," तो म्हणाला. "घाई होती. पटाले उशीर होत होता. जुनी कॅन गळत होती, म्हणून ही घेतली."

"अन् बैलाले पाजलं कोणी?"

याचं उत्तर गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. हवालदाराला दुसऱ्या कोणी पाणी पाजण्याची हिंमत केली असती तर त्याचा हात ताराचंदने तेव्हाच तोडला असता.

"तोंड जळत होतं त्याचं," रत्नाबाई हळूच म्हणाली. "म्हणून माह्या ड्रमात घातलं. थंड लागन म्हणून. बापा!"

ताराचंद ओंडक्याजवळ येऊन बसला. मग त्याने सदऱ्याची उजवी बाही दुमडली, व्यवस्थित, दोन घड्या घालून. हात ओंडक्यावर ठेवला. डाव्या हाताने कुऱ्हाड उचलून पाहिली, पण ती त्याला तोलेना. त्याने ती दांड्याकडून रत्नाबाईपुढे धरली.

"घे."

"पागल झाला काय?"

"मेलेल्या बैलाच्या शिंगावरची हाय. घे म्हणतो न! तुह्या दारावर सहा घाव घातले मी. तुले एकच घालाचा हाय."

दादाजी म्हणाले, "शपथ तं हाय." पंच म्हणाले, "हाय तं खरी." दामिनी म्हणाली, "माय, खबरदार." रत्नाबाईने कुऱ्हाड घेतली. चार दिवसांपूर्वी तिच्या डोक्यावर वीतभर अंतराने बसलेली हीच ती कुऱ्हाड. तिने पदर खोचला. ताराचंदने डोळे मिटले. मुसळ चालवणारा तो हात वर गेला आणि खाली आला.

ती कुठे मारणार होती हे तिने आजवर कोणाला सांगितलेलं नाही. ताराचंदने शेवटच्या क्षणी हात मागे खेचला, हे मात्र सगळ्यांनी पाहिलं. शपथेचा पक्का माणूसही हाडामांसाचाच असतो. हात वाचला. करंगळीचं वरचं पेर तेवढं मागे राहिलं. ते ओंडक्यावरून उडालं, धुळीत पडलं आणि दोनदा लोळलं.

कोंबडीची दोरी बरोबर तिथपर्यंत पुरत होती. कोंबडीने मान वाकडी करून पाहिलं, टोच मारली, आणि कोणी काही बोलायच्या आत गिळलं.

ताराचंदने डोळे उघडले. बोटाकडे पाहिलं. कोंबडीकडे पाहिलं. मग तो कोसळला.

"किती वाजले?" दादाजींनी विचारलं.

"साडेदहा."

"लक्षात ठेवा बरं. दिवस बुडेपर्यंत पाहू."

दामिनीने बोट घट्ट बांधलं. प्रफुल्लने एका हाताने मोटरसायकल चालवली, मध्ये ताराचंद, मागे त्याला धरून दामिनी. अड्याळच्या डॉक्टरांनी कागद पुढे ओढून विचारलं, "कसं लागलं?"

"कांदा कापताना," ताराचंद म्हणाला.

"विळीनं?"

"कुऱ्हाडीनं."

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं, दामिनीच्या भुवईकडे पाहिलं, प्रफुल्लच्या हाताकडे पाहिलं, गाव विचारलं, आणि पुढे काही न विचारता सुई-दोरा घेतला.

कोंबडी दिवस बुडेपर्यंत जगली. एवढंच नाही, तिने अंडंही दिलं. पद्धतीप्रमाणे पंचांनी ताराचंदला निर्दोष ठरवलं; त्याच्या अंगात विष नाही हे सिद्ध झालं होतं. पद्धतीप्रमाणेच हंडी चुलीवर चढली, कांदा चिरला गेला, विहिरीच्या ग्लासातला, मुळ्यांसकट. मग दादाजी सुरी घेऊन निंबाखाली आले. चार दिवस त्यांच्याच हातचे तांदूळ खाऊन कोंबडी चांगली भरली होती. ते तिच्याकडे पाहत राहिले. ती त्यांच्याकडे.

"दादाजी, करा न," मागून कोणीतरी म्हणालं.

"अरे, पण हिच्यात ताराचंद हाय न," दादाजी म्हणाले आणि सुरी खाली ठेवली.

आमच्या पारावरून जिवंत परत गेलेली ती पहिली कोंबडी. ती आता रत्नाबाईकडे असते. दार नवीन बसलं, ताराचंदनेच बसवून दिलं. अर्काच्या ड्रमावर झाकण आलं आणि चमचा किती घालायचा ते दामिनीने पेंटने लिहून ठेवलं. गावातल्या अर्ध्या कॅनी लोकांनी फोडल्या. उरलेल्या अर्ध्यांवर 'धुतली आहे' असं लिहिलं.

जमादाराला आता बदाम मिळतात. ताराचंद रोज संध्याकाळी त्याला घेऊन रत्नाबाईच्या दारावरून तलावावर पाणी पाजायला जातो. जाताना उजवा हात खिशात घालतो. कोंबडी अंगणातून उतरते आणि त्याच्या मागे मागे चालू लागते.